येणे : एक जेवण

गेली तीन वर्षं तो माझ्या घरी मुक्कामाला आहे. व्याकरणानं पाहिलं तर ‘ते’ म्हणायला हवं, कूपन नपुंसकलिंगी. पण त्याचा ताठा ज्यानं पाहिला त्याला ‘ते’ म्हणवत नाही. फ्रिजशेजारच्या खिळ्याला टोचलेल्या कागदांत, ईबीचं, म्हणजे वीज मंडळाचं, पांढरं कार्ड आणि गॅसच्या पावत्या यांच्या मधोमध तो लटकलेला असतो. रंग फिकट गुलाबी, लांबी वीतभर, रुंदी तीन बोटं. अंगावर दोन ठिकाणी आडव्या भोकांच्या रेघा, फाडायला सोपं जावं म्हणून. त्या रेघांनी त्याचे तीन भाग पडलेत. वर दुपारचं जेवण, 12 ते 3. मध्ये चहा-भजी, 4 ते 6. खाली आइस्क्रीम, नग 1. तिन्ही भाग शाबूत आहेत. म्हणजे ज्यासाठी तो जन्माला आला त्यातलं एकही काम त्याच्या हातून झालं नाही, आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटलेलं दिसत नाही.

पाठीवर बारीक अक्षरांत, तमिळ आणि इंग्रजीत, त्याचा स्वभाव छापलेला आहे. आजच्या दिवसापुरतं. दुसऱ्याला देता येणार नाही. पैसे परत मिळणार नाहीत. आमच्या चुलत्यांच्या घरी एक मुनीम यायचे, ते असंच बोलायचे. आवाज चढवायचा नाही, कारण द्यायचं नाही, फक्त ‘नाही’ म्हणायचं आणि चष्मा पुसायचा.

चेन्नईत राहणाऱ्याला त्याच्या वृत्तीची आणखी एक ओळख पटेल. ईस्ट कोस्ट रोडवर इंजंबाक्कमला व्हीजीपीचं उद्यान आहे. तिथल्या पुतळा बनून उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल या शहरातल्या दोन पिढ्या तरी सांगतील. राजवाड्याच्या पहारेकऱ्याचा पोशाख आणि चेहऱ्यावर माशी बसली तरी हलायचं नाही. शाळेच्या सहलीतली पोरं त्याच्यासमोर माकडचेष्टा करतात, कॉलेजची मुलं विनोद सांगतात, कुणी लाडीगोडी लावतं. तो हसत नाही. आमचा गुलाबी पाहुणा त्याच तालमीतला. फरक इतकाच की त्या माणसाला कामाची वेळ संपल्यावर घरी जाता येतं.

हा गुलाबी ज्या मनोरंजन उद्यानातून आमच्याबरोबर आला ते हे नव्हे, आणि कोणतं ते सांगायचंही कारण नाही. चेन्नईभोवती अशी पुष्कळ झाली. मुट्टुकाडूचं एमजीएम, पूनमल्लीपलीकडचं क्वीन्सलँड, ताम्बरमजवळचं किष्किंता, आणि 2025 च्या डिसेंबरात तिरुप्पोरूरला उघडलेलं वंडरला. पाळणे सगळीकडे थोडेफार सारखेच. मला सांगायचं आहे ते पाळण्यांबद्दल नाही.

या शहरात आधी पैसे, मग टोकन, मग ताट, हा क्रम कुणाला शिकवावा लागत नाही. गल्ल्यावरच्या माणसाला ‘दोन इडली, एक पोंगल’ सांगायचं, तो चिठोरं फाडून देतो, ते घेऊन आतल्या खिडकीशी जायचं. चुकून आधी आत गेलात तर आतला माणूस वर न बघता म्हणतो, “टोकन वांगिट्टु वांगा.” टोकन घेऊन या. 2013 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं अम्मा उणवगम ही स्वस्त उपाहारगृहं सुरू केली तीही याच चालीवर. 1 रुपयाला इडली, 5 रुपयांना सांबारभात, 3 रुपयांना दहीभात, पण टोकन आधी. तिथे रिक्षावाले, बांधकामावरचे बिहारी मजूर आणि सरकारी इस्पितळातल्या रुग्णांचे नातेवाईक एकाच रांगेत ते चिठोरं धरून उभे असतात. हे टोकन म्हणजे आमच्या पाहुण्याच्या कुळातला गरीब आणि नेक माणूस. त्याचं आयुष्य पाच मिनिटांचं. गल्ल्यापासून खिडकीपर्यंत चालत जाईतो भूक कुठे पळून जात नाही, मत बदलत नाही, तिथीही बदलत नाही. खिडकीशी पोचलं की ते खिळ्याला टोचलं जातं, ताट हातात येतं, हिशेब मिटतो.

आमच्या गुलाबीचं आयुष्य सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत. एवढ्या वेळात माणसाचं काय काय होऊ शकतं याची त्याला कल्पना नसते. खरं तर असते, पण त्याला त्याच्याशी कर्तव्य नसतं.

तर तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. चेन्नईत 4 मेपासून अग्नी नक्षत्रम लागतं. सुमारे साडेतीन आठवडे सूर्य जणू गल्लीच्या टोकाशी येऊन बसतो. शहाणी माणसं या दिवसांत अकरा ते चार घराबाहेर पडत नाहीत. आणि शाळांना सुट्टी नेमकी याच दिवसांत, त्यामुळे सांगलीहून दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आई असे पाचजण माझ्याकडे आले. दादानं येण्याआधीच मोबाइलवरून सहा जणांची तिकिटं काढली होती, आणि तिकिटाखालच्या चौकटीत खूण करून जेवणाची कूपनंही. माणशी 400 रुपये. ‘आता दिवसभर पाकिटाला हात लावायचा नाही’, हे त्यानं मला फोनवर तीनदा सांगितलं. कालनिर्णय मात्र त्यानं पाहिलं नाही. त्या दिवशी एकादशी होती.

आई आषाढी-कार्तिकीच नव्हे, दोन्ही पंधरवड्यांतल्या एकादश्या धरते. तिनं रात्रीच हातपिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा ठेवला होता. फाटकाशी पिशव्या तपासणाऱ्या बाईनं तो बाहेर काढला. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. मी तमिळमध्ये विनवलं, उपासाचं आहे, म्हातारी आहे. बाई प्रेमळ होती, ‘विरदमा?’ म्हणून तिनं हातही जोडले, पण डबा फळीवर ठेवला आणि आईच्या हातात पितळेचा गोल बिल्ला दिला. 47 नंबरचा. मग पुढच्या खिडकीवर मोबाइल दाखवल्यावर आमची सहा गुलाबी कूपनं मिळाली. त्यातलं एक आईचं.

म्हणजे आईच्या एका मुठीत जे खाता येणार नाही त्याचं कूपन, आणि दुसऱ्या मुठीत जे खाता येईल ते बाहेर ठेवल्याचा बिल्ला. दोघांना ती आलटून-पालटून बघत होती. बिल्ला जड होता, घासून घासून कडा गुळगुळीत झालेल्या. “याला तरी वजन आहे,” ती म्हणाली.

इथे दुसऱ्या पात्राची ओळख करून द्यायला हवी, कारण गुलाबी एकटा नव्हता. वहिनीच्या पर्समध्ये सवलतीचं कार्ड होतं. निळं, चकचकीत, उठावाची अक्षरं, कोपऱ्यात सोनेरी चौकोन. गुलाबी जर मुनीम, तर हा लग्नातला तो पाहुणा, जो खरेदीला बरोबर येतो, ‘माझी ओळख आहे, कमी करून घेतो’ म्हणतो, आणि त्याच्या ओळखीपायी आपण दोन साड्या जास्त घेऊन बाहेर पडतो. निळ्याला तुम्ही खर्च केलेला फार आवडतो. काही घेतलंच नाही तर त्याला करण्यासारखं काही उरत नाही, तो खिन्न होऊन पर्समध्ये पडून राहतो. खाण्यावर 10 टक्के कमी करीन म्हणाला होता. पण बिल 2000 च्या वर असेल तर, कमी होईल ते 150 पर्यंत, आणि दुसऱ्या कुठल्याही सवलतीबरोबर चालणार नाही. कूपन घेतलंत तर कार्ड नाही. दोघं जावा-जावांसारखी, एका चुलीवर नांदणार नाहीत.

दादानं पाळण्यांच्या रांगेत उभं राहून तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. कूपनांचे 2400. तेच रोखीनं घेतलं असतं तर थाळी 250, चहा-भजी 90, आइस्क्रीम 100, माणशी 440, सहाचे 2640. म्हणजे कूपननं 240 वाचवले. कार्डानं फार तर 150. ‘बघ,’ तो म्हणाला, ‘90 रुपये वर.’ वहिनीनं शांतपणे विचारलं, “आणि रोखीनं घेतलं असतं तर आपण सहा थाळ्या, सहा भजी आणि सहा आइस्क्रीमं घेतली असती का?” दादा पुढच्या माणसामागे एक पाऊल सरकला.

वहिनीचा प्रश्न या दोन्ही प्राण्यांच्या जन्माशी जाऊन भिडतो. निळा तुम्हाला प्रत्येक घासाला किंमत दाखवतो आणि म्हणतो, बघ, कमी केली. गुलाबी किंमत सकाळीच घेऊन टाकतो आणि मग दिवसभर किंमत हा शब्दच काढत नाही. त्याबद्दल त्याला श्रेय द्यायला हवं. माझ्या भाचरांनी त्या दिवशी आइस्क्रीम खाताना बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आम्ही लहानपणी मिरजेच्या उरुसात आइस्कांडी मागायच्या आधी बाबांचा चेहरा वाचायचो. त्या चेहऱ्यावर महिन्याची कितवी तारीख आहे ते लिहिलेलं असायचं.

अमेरिकेतल्या ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या दोघांनी 1998 साली यावर एक निबंध लिहिला. लोकांना त्यांनी विचारलं, कॅरिबियनची आठवड्याची सहल आहे, तिचे हप्ते आधीचे सहा महिने भराल की परत आल्यावर सहा महिने? आणि कपडे धुऊन वाळवण्याचं यंत्र घ्यायचं असेल तर? बहुतेकांनी सहलीचे पैसे आधी द्यायचं ठरवलं आणि यंत्राचे नंतर. यंत्र वापरत राहतो, तसे हप्तेही देत राहता येतात. पण संपलेल्या मजेचे हप्ते भरणं जड जातं. आधी भरलेली मजा मात्र फुकट मिळाल्यासारखी वाटते. मला यात चेन्नईची एक गंमत दिसते. व्हीजीपीचे संस्थापक व्ही. जी. पन्नीरदास या शहरात नावाजले ते हप्त्यानं वस्तू देण्यासाठी. घड्याळ, रेडिओ आधी घरी न्या, पैसे मग थोडे थोडे द्या. ज्या नावानं मद्रासच्या कारकुनाला रेडिओ उधारीवर दिला त्याच नावाच्या उद्यानात फाटकावर तिकीट आधी काढावं लागतं. यंत्र उधार, मजा रोख. दोघा प्राध्यापकांना जे प्रश्न विचारून कळलं ते या घराण्याला गल्ल्यावर बसून आधीच ठाऊक असावं.

साडेबारा वाजले आणि गुलाबीनं अंमल गाजवायला सुरुवात केली. कुणालाही भूक नव्हती. मोठा भाचा पाण्याच्या घसरगुंडीवरून उतरायला तयार नव्हता, धाकट्याला उलटा फिरणारा पाळणा बाधला होता आणि तो बाकावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. पण बारा ते तीन. एकदा तीन वाजले की 1200-1500 रुपयांचं जेवण हवेत जाणार या विचारानं दादा अस्वस्थ. त्यानं सगळ्यांना गोळा केलं. पाण्यातल्या पोराला ओढून बाहेर काढलं. जेवणघराबाहेरची रांग बघितल्यावर कळलं की उद्यानातल्या प्रत्येक कुटुंबात एक दादा आहे. ओले कपडे, अनवाणी पाय, खाली तापलेल्या फरशीचे चटके, आणि प्रत्येकाच्या हातात भिजू नये म्हणून डोक्याच्या वर धरलेला एक गुलाबी कागद. पालखीपुढे पताका धराव्यात तसे.

थाळी वाईट नव्हती. दोन चपात्या, कुर्मा, भात, सांबार, रसम, कोबीचं पोरियल, अप्पळम, दही आणि एक चमचा केसरी. वाढणारा पोरगा जेमतेम विशीचा, कपाळावर विभूती. प्रत्येकाच्या कूपनचा वरचा तुकडा ‘टर्र’ करून फाडायचा आणि डब्यात टाकायचा. त्या आवाजात त्याला मजा येत असावी. आईपाशी आला आणि हात पुढे केला. आईनं कूपन छातीशी धरलं.

“पाट्टी, साप्पिडलैया?” त्यानं विचारलं. आजी, जेवत नाही?

मी सांगितलं, एकादशी आहे. बदल्यात केळी मिळतील का, शहाळं मिळेल का? तो ओशाळला. शहाळं बाहेरच्या गाडीवर, ते वेगळ्या कंत्राटाचं. केळी नाहीत. कूपनवर थाळीच. मग आईनं मला मराठीत सांगितलं आणि मी तिचा प्रश्न त्याला तमिळमध्ये घातला. तो प्रश्न त्या उद्यानात त्याआधी कुणी विचारला नसेल.

“त्याला विचार, खाडा धरणार का?”

हा शब्द तमिळमध्ये कसा सांगायचा मला समजेना. सांगलीत विश्रामबागला आमच्या घराच्या मागच्या खोलीत आईनं बावीस वर्षं मेस चालवली. वालचंद कॉलेजची मुलं, विलिंग्डनची मुलं, दोन बँकेतले. महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला आगाऊ. जो जेवायला येणार नाही त्यानं आधी सांगायचं, मग तेवढी जेवणं पुढच्या महिन्याच्या पैशांतून वजा. तो खाडा. खाड्याची एक लांबट वही होती, लाल पुठ्ठ्याची. डावीकडे नावं, वर तारखा, आणि चौकटीत आईच्या हातची फुली. महिनाअखेरीला मुलं वहीवर तुटून पडायची. ‘काकू, चौदाला मी नव्हतो.’ ‘चौदाला तू दोनदा शिकरण मागून घेतलीस.’ हे भांडण आणि रविवारची फीस्ट, या दोन गोष्टींवर ती मेस उभी होती असं मला कित्येक वर्षं वाटायचं. पुण्या-कोल्हापुरात शिकलेल्या कुणालाही विचारा. कोर्सचं नाव विसरला असेल, मेसचे खाड्याचे नियम विसरलेला नसतो.

मी त्या पोराला एवढंच सांगितलं, आजी म्हणते आज जेवली नाही तर हे जेवण पुढे कधी मिळेल का? त्यानं कूपन उलटं करून पाठीवरच्या ओळींवर बोट ठेवलं. “अदु मुडियादु, पाट्टी.” ते नाही जमायचं. आई त्याच्यावर रागावली नाही. मालकाच्या नियमासाठी नोकराला बोलायचं नसतं, हे तिला मेसमुळेच ठाऊक होतं. ती उठली आणि पितळी बिल्ला घेऊन फाटकाकडे निघाली. मी तिच्यामागे. मनगटावर परत येण्याचा शिक्का मारून घेतला, बिल्ला दिला, डबा घेतला. फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली उभं राहून तिनं दोन लाडू खाल्ले, बाटलीतलं पाणी प्यायली. मीही एक खाल्ला, माझी थाळी आत निवत होती तरी. परत जाताना डबा पुन्हा फळीवर. बिल्ला पुन्हा मुठीत. या खेपेला नंबर 12.

“हा बघ,” ती म्हणाली, “जेवढं घेतलं तेवढं परत देतो. याला म्हणायचं वस्तू.”

चार वाजता चहा-भज्यांचा तुकडा. भजी बेसनाची, बाद. पाचच्या पुढे आइस्क्रीम, आणि तिथे जरा आशा होती. आइस्क्रीम उपासाला चालतं की नाही यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत, आणि आई दुधाच्या पक्षातली. पण खिडकीवर फक्त कोन. कोन मैद्याचा. वाटीत द्या म्हटलं तर कपाचं आइस्क्रीम कूपनच्या बाहेरचं, 30 रुपये वर. निळ्या कार्डाला वाटलं आता आपली पाळी, वहिनीनं ते काढलंही. बिल 30 रुपये, अट 2000 ची. ते पुन्हा पर्समध्ये गेलं. आई म्हणाली, राहू दे, घरी जाऊन ताक पिऊ.

धाकट्याचंही जेवण आणि भजी गेलीच. दादानं घरी येऊन तिकिटाची पाठ पुन्हा काढली आणि काही न बोलता घडी घालून खिशात ठेवली.

असल्या न खाल्लेल्या जेवणांना धंद्यात नाव आहे, ब्रेकेज. आगाऊ पैसे दिलेत, पण मागायला कोणी आलंच नाही, ती रक्कम. आपल्याकडे 1 एप्रिल 2018 पासून लागू झालेल्या इंड एएस 115 या हिशेबाच्या मानकात याची तरतूद आहे. किती लोक येणार नाहीत याचा कंपनीला भरवशाचा अंदाज बांधता येत असेल, तर तो भाग तिला उत्पन्नात धरता येतो. कूपन छापलं जातं तेव्हाच कुणीतरी कुठेतरी एकादशीही जमेस धरलेली असते. आणि रिझर्व्ह बँक या भानगडीत पडत नाही. जे कार्ड वा कूपन देणाऱ्याच्याच दुकानात चालतं, ज्यातून रोख काढता येत नाही, ते ‘बंद’ जातीचं. त्याला तिच्या परवान्याची गरज नाही. आमचा गुलाबी त्या अर्थानं सोवळ्यातला. फाटकाबाहेर त्याला कुणी ओळखत नाही आणि आत त्याला कुणी विचारत नाही.

त्याचे श्रीमंत नातेवाईक परदेशी आहेत. माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून मुलींना घेऊन फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला गेला होता. तिथे हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी जेवणाची योजना असते. 2020 च्या साथीत ती बंद पडली, 2024 च्या जानेवारीत परत सुरू झाली. जितके मुक्काम तितकी जेवणं आणि खाऊ खात्यावर जमा, आणि हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्रीच्या ठोक्याला उरलेलं सगळं नाहीसं. सिंड्रेलाच्या गावात हा नियम शोभून दिसतो. शाकाहारी कुटुंब, त्यामुळे यांची जेवणं उरली. शेवटच्या संध्याकाळी मुलींनी खाऊच्या पुड्यांची पिशवी भरली आणि ती न्यू जर्सीत दोन महिने पुरली. निळ्याचाही एक भाऊबंद तिथे होता, टेबल्स इन वंडरलँड नावाचा. वर्षाची फी भरून कार्ड घ्यायचं, खाण्यापिण्यावर 20 टक्के सूट मिळायची आणि बिलात 18 टक्के टीप आपोआप चढायची. या एका वाक्यावर मी आणि वहिनी पंधरा मिनिटं हसलो होतो.

आणि मूळपुरुष कॅलिफोर्नियातला. 1955 साली डिस्नेलँड उघडलं त्याच वर्षी पाळण्यांच्या तिकिटांची पुस्तिका निघाली. ए, बी, सी, पुढे डी आणि 1959 मध्ये ई. ई म्हणजे सगळ्यात थरारक पाळणे. ती तिकिटं आधी संपायची, आणि मेन स्ट्रीटवरच्या घोडागाडीसारख्या साध्या फेऱ्यांची ए-ची तिकिटं घरोघरच्या खणांत उरायची. 1982 मध्ये ही पद्धत बंद झाली. तोवर कित्येक घरांत माझ्या खिळ्यासारखा एकेक खिळा असणार.

त्या रात्री चेन्नईत वीज गेली. गच्चीवर चटया टाकून बसलो होतो, समुद्रावरून वारं यायचं नाव नव्हतं. मी आईला हे ब्रेकेजचं सांगितलं, जरा त्वेषानंच सांगितलं. लोकांच्या न खाण्यावर पैसे कमावतात. आई बराच वेळ पंख्यानं वारा घेत राहिली.

“आपल्याकडे नियम होता,” ती म्हणाली. “सलग तीन दिवस गेलास तरच खाडा. एक-दोन दिवसांचा नाही. आठवतो?”

आठवत होता.

“पोरं गावी कधी जायची? शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की इस्लामपूर, तासगाव, इचलकरंजी. सोमवारी सकाळी परत. दीड-दोन दिवस. त्यांचा खाडा कधी धरलाच नाही. पंचवीस पोरांतली पंधरा दर आठवड्याला जायची.” ती थांबली. “तुझं इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष त्या शनिवार-रविवारांवर झालं. गहू उरायचा ना.”

दादा झोपला नव्हता. तो अंधारातून म्हणाला, “म्हणजे तूही—”

“मी वही ठेवली होती,” आई म्हणाली. “ज्याचा आजार असायचा त्याचा एका दिवसाचाही धरायचे. सांगायला यावं मात्र लागायचं. समोर उभं राहून सांगायला लागायचं, काकू, ताप होता. यांच्याकडे सांगायचं कुणाला?”

एवढं बोलून ती कुशीवर वळली. माझ्या मनात तेव्हापासून गुलाबीविषयीचा राग पूर्वीसारखा धारदार राहिला नाही. तो राहिला असता तर लिहायला सोपं गेलं असतं. आता खिळ्याकडे बघते तेव्हा त्याच्या गुलाबीत मला लाल पुठ्ठा दिसतो, आणि तरी तो तसा नाही हेही दिसतं. वहीत आईचं अक्षर होतं. याच्यावर कुणाचंच नाही, नंबरसुद्धा छापील.

सांगलीला परत जाताना आईनं ते कूपन माझ्याकडे दिलं. “फाडू नकोस. पुढच्या खेपेला विचारून बघू, तो पोरगा भला होता.” मी हो म्हटलं. आजच्या दिवसापुरतं, हे तिला तीनदा वाचून दाखवलं होतं, चौथ्यांदा दाखवलं नाही.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेले होते. आई अजून हिशेबाची डायरी लिहिते. मेस बंद होऊन अठरा वर्षं झाली तरी जमा, खर्च, देणे, येणे असे चार रकाने आखते. दूधवाल्याचे 62 जास्त गेले होते, ते येणे. शेजारच्या कुलकर्णीकाकूंकडे पातेलं गेलंय, ते येणे. तिसरी ओळ दर वर्षी नव्या डायरीत उतरून घेतलेली दिसली, शाई वेगवेगळी, शब्द तेच:

चेन्नई, जेवण 1, चहा-भजी 1, आइस्क्रीम 1 (वाटीत).